हाक मारायचा शब्द

"साईं" म्हणताना ते उजव्या हाताचा तळवा छातीवर ठेवायचे आणि मान किंचित कलती करायचे. समोर कोण आहे यानं त्यात काही फरक पडत नसे. रिक्षावाला, पडद्याचं कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, मीटर बघायला आलेला माणूस, आमचे पाळकसाहेब, मी. सगळे साईं. उल्हासनगरात तुमचं जाणंयेणं असेल तर हा शब्द तुम्ही दुकानादुकानांतून ऐकला असेल, आणि कुणीतरी 'आओ साईं' म्हणून तुम्हाला आत बोलावून गरजेपेक्षा जास्त कापडही विकलं असेल. आमच्या गृहस्थांचं वेगळेपण एवढंच, की ते परमेश्वरालाही साईं म्हणत. तोच तळवा, तीच कलती मान.

माझ्याबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी मोरिवलीच्या बाजूला एका कंपनीत डिस्पॅच बघते. कोणता माल, कोणत्या गाडीत, कोणत्या कागदांसह, यात माझा दिवस जातो. घरी फ्रिजवर आठवड्याच्या भाज्या लिहून लावलेल्या असतात आणि त्या बदललेल्या मला चालत नाहीत. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सेवा करू इच्छिणाऱ्यांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा पाळकसाहेब मला म्हणाले, "तुमच्यासारखी पद्धतशीर माणसं हवीत." मी त्याच संध्याकाळी नाव दिलं. पहिल्या दिवशी साक्ष द्यायला उभी राहिले तेव्हा मात्र मी सांगितलं की मला प्रभूचं पाचारण झालं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. ती साक्ष आठवली की अजूनही कानशिलं तापतात.

विषयाचं नाव होतं आत्मिक जडणघडण. मला वाटलं होतं, उपदेश कसा लिहायचा, आजाऱ्यांच्या भेटी कशा आखायच्या, असं काही शिकवतील. पण शिकवणारे सर, एक निवृत्त पाळक, पहिल्याच तासाला म्हणाले की तुम्ही देवासाठी काय करणार ते नंतर बघू, तो तुमचं काय करतोय ते आधी बघा. मग मौन, मनन, आत्मपरीक्षण. उपासनेनंतर वरच्या हॉलमध्ये आम्ही बसायचो आणि काहीच न करता बसायचो. मला ते फार जड जाई. मौनात मी सोमवारच्या गाड्या लावत असे.

सरांनी प्रत्येकाला एक प्रार्थनेचा सोबती दिला. माझ्या वाट्याला हे साईं म्हणणारे गृहस्थ आले.

साठी उलटलेली होती. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या कापडबाजारात त्यांचं पडद्यांचं दुकान होतं, ते आता पुतण्या बघत होता. आमच्या मंडळीत ते एकटेच सिंधी. त्यांची बायको नगरकडची, मराठी, जन्मापासून ख्रिस्ती, अंबरनाथच्या एका नर्सिंग होममध्ये आया. तिच्या मागेमागे ते चर्चला आले आणि मागच्या बाकावर बसू लागले. कधीतरी बाप्तिस्माही झाला. बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला एक वाडी आहे. तिथे खडीच्या कामाला नगरकडून आलेली काही ख्रिस्ती घरं राहतात. बाई दर महिन्याला तिथे जाऊन प्रार्थना चालवायच्या आणि हे त्यांची पिशवी धरून सोबत जायचे. बाई गेल्या. मग वाडीत कुणी जाईना. पाळकसाहेबांच्या अंगावर तीन ठिकाणच्या उपासना, त्यांना तरी कुठे वेळ मिळणार. वाडीत एक म्हातारा वारला, तेव्हा माती द्यायला प्रार्थना म्हणणारं कुणी नव्हतं. हे गेले, पण मंडळीची नेमणूक नाही म्हणून कडेला उभे राहिले. वाडीकऱ्यांनी आपलीच येईल तशी 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटली, मधेच विसरले, आणि माती लोटली.

"मी तिथं होतो, साईं," ते मला म्हणाले होते. "उभा होतो. खांबासारखा."

म्हणून ते अभ्यासक्रमाला आले होते. त्यांना मंडळीचा कागद हवा होता. तो मिळाला की बायकोची वाडी ते अधिकारानं सांभाळू शकणार होते. दुसरं काही त्यांना नको होतं.

सोबत्यांनी आठवड्यातून एकदा भेटून एकमेकांसाठी प्रार्थना करायची असे. मी माझी यादी काढायची. सोमवार घरचे, मंगळवार कंपनी, बुधवार मंडळी, शुक्रवार आजारी. त्यांनी ती एकदा चष्मा लावून वाचली.

"साईं, तुम्ही देवाला टाइमटेबल लावून दिलंत. मी मंगळवारी आजारी पडलो तर शुक्रवारपर्यंत थांबायचं काय?"

मला हसू आलं नाही. मी विचार करून सांगितलं की तातडीचं असेल तर मधे घेता येईल.

त्यांची स्वतःची प्रार्थना म्हणजे कुणाला तरी घरात घेणं असे. "साईं, अचो," ते म्हणत, म्हणजे या. मग "विहो," म्हणजे बसा. मग एक मोठा श्वास. एखादा दमून आलेला पाहुणा खुर्चीत टेकेपर्यंत थांबावं, तसे ते थांबत. आणि मग मराठी, हिंदी, सिंधी जे तोंडाला येईल त्यात दिवसभराचं सांगत. मागणं फारसं नसेच. मी एका डोळ्यानं घड्याळ बघत असे.

त्यांच्याबरोबर बाहेर जाणं म्हणजे माझी परीक्षा होती. सरकारी दवाखान्यात भेटीला गेलो तर ते सरळ अनोळखी पेशंटच्या पायाशी टेकायचे. रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणं काढून घ्यायचे आणि सिग्नलला डोळे मिटायचे. बाजूच्या रिक्षातले लोक बघत. मी पर्समध्ये काहीतरी शोधत असे. लाज ही माझ्या ओळखीची गोष्ट आहे, फक्त तेव्हा ती मला चुकीच्या जागी वाटत होती.

बदलापूरच्या कात्रपला जे झालं, त्यानं सगळं फिरलं.

तिथे एका नव्या जोडप्याच्या फ्लॅटमध्ये कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा होती. आखणी माझी. चहा कुणी, सतरंज्या कुणाच्या, गीतं कोणती, सगळं मी ठरवलं होतं. एकच गोष्ट लक्षात घेतली नाही, की त्या दिवशी गुरुवार होता. उकाड्यामुळे दार उघडंच ठेवलं होतं. प्रार्थना यांची होती.

"साईं, अचो. विहो. गर्मी खूप आहे, पंखा पण हळू चालतोय, पण विहो."

आवाज खणखणीत. जिन्यात गेला. थोड्या वेळानं समोरच्या फ्लॅटमधल्या एक काकू आल्या. दारात चप्पल काढली, डोक्यावरून पदर घेतला आणि मागे येऊन बसल्या. हातात पेढ्यांचा पुडा आणि मोगऱ्याचा गजरा. हात जोडून, डोळे मिटून त्यांनी पूर्ण प्रार्थना ऐकली. मधेमधे 'साईं' आलं की मान तुकवत होत्या. आमेन झाल्यावर माझ्याकडे झुकून त्यांनी विचारलं, "तसबीर कुठे ठेवलीय हो? आरती अजून व्हायचीय ना?"

 मी पंख्याकडे बघितलं. काकूंनी भिंतीवरचा क्रूस पाहिला, आमच्या मांडीवरची पुस्तकं पाहिली, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. अगं बाई, असं काहीतरी पुटपुटत त्या उठायला लागल्या.

"बसा ना साईं," हे म्हणाले. "पेढे आणलेत, चहा होतोय. जाता कुठं?"

त्या बसल्या. चहा घेताना सांगू लागल्या, की मुलाचं लग्न ठरून मोडलंय, तो घरात बोलत नाही, जेवणाचं ताट खोलीत न्यावं लागतं. यांनी ऐकलं. मग तिथल्या तिथे पुन्हा तळवा छातीवर आणि पुन्हा साईं. काकू पदरानं डोळे टिपत गेल्या. गजरा मात्र यजमानीणबाईंच्या हातात तसाच राहिला, कारण तो कुठे ठेवावा हे कुणालाच कळेना. दार लावून त्या मला म्हणाल्या की आता सोसायटीत काय तोंड दाखवू.

जिना उतरताना हे खूश होते. "आली ना ती? बोलावून आली असती काय?"

 मला त्यांची इतकी लाज वाटत होती, की दोन पायऱ्या पुढे चालत होते.

गोष्ट मंडळीच्या पंचकमिटीत गेली. पहिल्यांदा लोक हसले. एकानं पुढच्या वेळी पालखीच काढा म्हटलं, दुसऱ्यानं प्रीतिभोजनाला सिंध्यांची साई भाजी ठेवा. मग निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे एक पंच गंभीर झाले. बाहेरच्यांचा गैरसमज होतो, आपल्या लोकांचा गोंधळ होतो, उद्या हेच वाडीत जाऊन शिकवतील. यांना बोलावलं. मी अभ्यासवर्गाची चिटणीस म्हणून टिपणं घेत होते.

मुख्याध्यापक म्हणाले, "देवाला आणि रिक्षावाल्याला एकच शब्द?"

"माझ्याकडे दुसरा नाहीच, साईं. हाच चांगला होता, म्हणून दोघांना दिला."

हे उत्तर मी टिपणात घेतलं नाही. विषयाला धरून नव्हतं.

ठरलं असं, की प्रार्थना नीट चालवता आल्याशिवाय कागद मिळणार नाही. शेवटच्या महिन्यात पंचांसमोर प्रार्थना करून दाखवायची. सर त्या बैठकीत फारसं बोलले नाहीत. बाहेर पडताना मला म्हणाले, "तुम्ही त्यांच्या सोबती आहात. त्यांची प्रार्थना ऐकत जा."

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय? आज मला तो लख्ख कळतो. त्या दिवशी मला वेगळा कळला. आमच्याकडे लहानपणी संध्याकाळी वडील पाढे ऐकायचे. चुकलं की थांबवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, सरांनी मला ते काम दिलंय. काम मिळालं की मला बरं वाटतं.

त्यांनीही नाही म्हटलं नाही. उलट म्हणाले, "शिकवा साईं. मला पास व्हायचंय. ती वाडी वाट बघतेय."

मी शिकवलं. प्रार्थनेचे भाग पाडले. आधी संबोधन, मग उपकारस्तुती, पापांची कबुली, मागणी, समारोप. संबोधनासाठी 'हे प्रभू' आणि 'हे दयाळू स्वर्गीय पित्या', दोन पुरेत. दुकानाच्या माळ्यावर पडद्यांच्या ताग्यांमध्ये आम्ही बसायचो. ते डोळे मिटून सुरुवात करायचे आणि साईं आलं की मी पेनानं टेबलावर टक् करायची. ते थांबायचे, 'हां, हां' म्हणायचे, पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला पेन सारखं वाजत होतं. मी रागावत नव्हते बरं का. प्रेमानं करत होते. त्यांना पाणी द्यायची, मधे लाडू असायचे. हळूहळू टकटक कमी झाली. एका संध्याकाळी पूर्ण प्रार्थना झाली आणि पेन एकदाही वाजलं नाही. मी टाळी वाजवली. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. परक्या गावात उतरल्यासारखे.

पंचांसमोर त्यांनी एकही चूक केली नाही. मुख्याध्यापकांनी उठून हात मिळवला. पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले की याचं श्रेय आमच्या चिटणीसबाईंच्या चिकाटीला आहे. मी नको नको म्हटलं आणि घरी जाताना ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत गेले.

पुढच्या रविवारी चर्चच्या दारात ते भेटले. तळवा छातीवर नव्हता. त्यांनी हात जोडले.

"नमस्कार मॅडम."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी म्हटलं, हे काय नवीन? तेवढ्यात चप्पल ठेवायला आलेल्या पोरींना त्यांनी 'बाजूला बेटा' म्हटलं, आणि बाहेर थांबलेल्या रिक्षावाल्याला 'भैया'. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं म्हणाले, "जो शब्द त्याला चालत नाही, तो तुम्हाला कसा देऊ? उष्टं दिल्यासारखं होईल."

आत गीत सुरू झालं होतं. मी पुस्तक उघडलं आणि कितवं गीत आहे ते मला दिसेना.

त्यांना कागद मिळाला, ते वाडीत जाऊ लागले. सोबती म्हणून मीही एकदा गेले. खडीच्या धुळीनं पांढरी झालेली घरं, पत्रे, अंगणात खाट. खाटेवर एक आजी पडून होत्या, बऱ्याच दिवसांच्या आजारी. यांनी प्रार्थना केली. हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो. शब्दन् शब्द माझा होता, श्वास घ्यायच्या जागासुद्धा. मधेच त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर चाललंय ना म्हणून. मी मान हलवली. तोपर्यंत मला ते आवडतही होतं, हे कबूल करायला हवं.

आमेन झालं. आजींनी त्यांच्याकडे मान वळवली.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी देवाला बस म्हणायचे. आता उभंच ठेवता व्हय त्याला?"

सून हसली, आजींना गप्प करायला लागली. हे हसले नाहीत. त्यांनी आजींच्या पायावरची चादर सारखी केली आणि अंगणात गेले.

परतताना बसथांब्यावर मी त्यांना म्हटलं, तुम्ही तिथे पूर्वीसारखी करा प्रार्थना, कुणी बघायला येत नाही. पंचांचं मी बघते. मी फार भराभर बोलत होते. चूक झाली तर ती लगेच कुठल्या गाडीनं परत पाठवायची, हे मला माहीत असतं.

"केली ना मॅडम. घरी करून बघितली," ते म्हणाले. "येत नाही. म्हणायला जातो आणि आत तुमचं पेन वाजतं."

त्यांच्या बोलण्यात राग असता तर मला सोसलं असतं. पण त्यांनी ते सांगितलं गुडघा दुखतो सांगावं तसं, आणि मग बस आली, आणि त्यांनी मला आधी चढू दिलं.

नंतर मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मौनाच्या तासाला तुम्ही काय करायचात?" मी खरं सांगितलं, की गाड्या लावायचे. त्यांनी मान डोलावली. पुढे काही उपाय सांगतील म्हणून मी थांबले. त्यांनी चहा मागवला.

ते वाडीत जात राहिले, हेही सांगायला हवं. ती आजी गेली तेव्हा माती यांनीच दिली, अधिकारानं, सगळ्यांच्या पुढे उभं राहून. कागद होता. प्रार्थना नीट झाली, असं पाळकसाहेब म्हणाले.

यंदा त्यांची इमारत धोकादायक ठरली. उल्हासनगरात हे व्हायचंच होतं, प्लास्टर रोज पडत होतं. नोटीस लागल्यावर मुलीनं कच्छमधल्या आदिपूरहून फोन केला, की आता पुरे, इकडे या. वाडीसाठी मंडळीनं अजून दुसरी सोय केलेली नाही. माझं नाव पुढे आलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

सामान बांधायला मी गेले होते. ते मला येतं. भांडी कागदात, कपबशा टॉवेलात, खोक्यावर काय आहे ते मोठ्या अक्षरांत. बायकोचं बायबल त्यांनी कुठल्याच खोक्यात घालू दिलं नाही, हातातच ठेवलं. टेम्पो गल्लीत लागला. शेजारीपाजारी जमले, कुणी डबा दिला, कुणी पापड. ड्रायव्हर घाई करत होता. ते पुढच्या सीटवर चढून बसले आणि खिडकीतून मला म्हणाले, "मॅडम, निघायच्या आधी प्रार्थना तुम्ही करा."

आमच्यात प्रवासाला निघताना प्रार्थना करतातच. मी पुढे झाले. त्यांनी डोळे मिटले. शेजारच्या बायका गप्प झाल्या, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

संबोधन. मला सगळी पाठ होती. हे प्रभू. हे दयाळू स्वर्गीय पित्या. हे सर्वसमर्था. एकेक शब्द तोंडापर्यंत आला आणि मला तो त्यांच्यासमोर उच्चारवेना. कुणाला तरी हाक मारायची होती आणि माझ्याकडे नुसती संबोधनं होती. वरच्या मजल्यावरून कुणीतरी बादली ओतल्याचा आवाज आला. एक बाई खाकरली. मी ओठ उघडले, मिटले.

ते थांबले होते. घाई नव्हती त्यांना.

मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "आमेन." आणि ड्रायव्हरला, "चलो भैया."

टेम्पो मागे घेत घेत गल्लीबाहेर गेला. समोरून सोफे लादलेली हातगाडी येत होती, तिला वाट देऊन वळला. बायका आपापल्या दारांत गेल्या. मी तिथेच उभी होते, हात जोडलेले, आणि माझी सुरुवात अजून झाली नव्हती.